जिताड्याच्या सहा आवृत्त्या

छापील पुस्तकांवर परीक्षणं लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतले काही जण पुस्तक न वाचताही लिहितात, आणि त्यांचीच परीक्षणं जास्त वाचनीय असतात. पण जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता ज्या हकिगती सांगितल्या जातात, त्या वाङ्मयाकडे अजून एकाही समीक्षकाचं लक्ष गेलेलं नाही. त्यांना आवृत्त्या असतात, पाठभेद असतात, प्रक्षिप्त भाग तर भरपूर असतो. नसतो तो फक्त समीक्षक. ही उणीव भरून काढण्याचं मी ठरवलं आहे. माझी पात्रता एवढीच की मी बी.कॉम. आहे, वीस वर्षं बँकेत आकडे जुळवतो आहे, आणि प्रस्तुत हकिगत घडली तेव्हा मी स्वतः होडीत होतो. शेवटची पात्रता फार थोड्या समीक्षकांना लाभते.

प्रस्तुत कृतीचे कर्ते अकोल्याचे आमचे साडू. विषय, रेवदंड्याच्या खाडीत त्यांनी गळाला लावलेला जिताडा. कृतीच्या गेल्या दिवाळीपासून होळीपर्यंत सहा आवृत्त्या निघाल्या. सहाही मी ऐकल्या. जेरोम के. जेरोमच्या एका पुस्तकातून मासेमारीबद्दल जे शिकायचं ते मी कॉलेजातच शिकलो होतो, तरी एवढ्या आवृत्त्यांची तयारी नव्हती.

आधी पार्श्वभूमी. आम्ही वऱ्हाडातली माणसं, समुद्रापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाइतकी लांब. मात्र खारं पाणी आम्हांला नवीन नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खणावी तर खारं, बोअर मारावी तर खारं. देवानं समुद्राचं मीठ आमच्याकडे आधी धाडून दिलं आणि समुद्र मागाहून पाठवतो म्हणाला, तो अजून आलेला नाही. मासा म्हणजे आमच्याकडे मरळ नाहीतर वाम, आणि तो पकडायचा भोई लोकांनी. साडूंचा मासेमारीतला पूर्वानुभव म्हणजे लहानपणी मोर्णेच्या काठी गांडूळ लावून दिवसभर बसणं आणि संध्याकाळी डाव्या पायाची एक चप्पल मिळवणं. ती चप्पलही नंतरच्या वर्षांत बूट झाली होती. म्हणजे प्रतिभा मुळातली होती, तिला विषय मोठा मिळायचा होता.

तो मिळाला. दिवाळीनंतर रजा काढून अमरावती–मुंबई एक्सप्रेसनं मी निघालो, अकोल्याला साडू डब्यात चढले, दुसऱ्या दिवशी गेटवेवरून मांडव्याची बोट, तिथून अलिबाग आणि पुढे रेवदंडा. कुंडलिका नदी इथं समुद्राला मिळते आणि पलीकडच्या टेकाडावर कोर्लईचा किल्ला तिच्याकडे बघत बसलेला असतो. 'गळानं मासेमारीची सहल, मार्गदर्शकासह' अशी जाहिरात साडूंच्या मुलानं फोनवर शोधून दिली होती. मार्गदर्शक म्हणजे टोपी आणि काळा चष्मा घातलेला मुंबईचा एक तरुण निघाला. होडी आणि होडीवरचा नाखवा मात्र गावचा. हा फरक समीक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे, कारण तरुणाला माशाचं सगळं माहीत होतं आणि नाखव्याला मासा कुठं आहे ते माहीत होतं.

जिताडा म्हणजे साधासुधा मासा नव्हे. मालवण-गोव्याकडे त्याला चोणक म्हणतात, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी, आणि इंग्रजी पुस्तकांत एशियन सी बास. एवढी टोपणनावं आमच्या शाखेत फक्त एका फरार कर्जदाराला होती. अंडी घालायची ती खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात, पिलांनी वाढायचं ते आत गोड्या पाण्याकडे सरकून, असा त्याचा दोन्हीकडे संसार. रायगडात भातखाचरांशेजारच्या तळ्यांत तो हौसेनं पोसतात, आणि साहेबाकडे अडलेला कागद पूर्वी जिताड्याच्या पाठीवर बसून पुढे सरकायचा असं तिथले लोक हसत सांगतात. त्याची सगळ्यांत मोठी गंमत पुढे येईल. तिच्यावर या परीक्षणाचा बराचसा डोलारा उभा आहे.

आदल्या संध्याकाळी मी नाखव्याला विचारलं, पहाटे किती वाजता यायचं? तरुणानं फोनमध्ये बघायला सुरुवात केली. नाखव्यानं विचारलं, "उद्या तिथ कंची?" मी म्हटलं, षष्ठी. तो म्हणाला, "मग साडेचारला भरती. साडेपाचला या, सुकती धरून जाऊ." तरुणाच्या फोननंही थोड्या वेळानं साडेचारच सांगितले. मी चक्रावलो. नाखव्यानं हिशेब सांगितला तो असा : तिथीला पाऊणनं गुणायचं, उत्तर येईल ती पुऱ्या भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पंधरवडा संपला की पुन्हा एकपासून. चंद्र रोज पाऊण तास उशिरा येतो, पाणीही तेवढंच उशिरा येतं. माझे आजोबा पाऊणकी पाठ म्हणायचे ते केवळ मास्तरांच्या धाकानं, असं मी आजवर समजत होतो. या पाऊणकीवर समुद्र चालतो हे आमच्या वाणिज्य शाखेत कुणी सांगितलं नव्हतं.

आता मूळ संहिता. समीक्षकानं आधी मूळ संहिता निश्चित करावी असा दंडक आहे, आणि मी ती शपथेवर देतो.

पहाटे आम्ही तिवरांच्या कडेकडेनं आत गेलो. तरुणानं आमच्या हातांत काठ्या दिल्या आणि गळाला प्लॅस्टिकचा एक खोटा मासा बांधून दिला. पहिल्या तासात साडूंनी तो तीन वेळा तिवराच्या झाडात फेकला, मी एकदा साडूंच्या टोपीत. नाखवा काही बोलला नाही. प्रत्येक वेळी होडी मागे घेऊन गळ सोडवून द्यायचा. मग उजाडल्यावर त्यानं आम्हांला एका उघाडीपाशी नेलं. उघाडी म्हणजे खारजमिनीच्या बांधातलं दार. भरतीला समुद्राचं पाणी ते लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं, आणि त्या पाण्याबरोबर बारकी मासळी बाहेर येते. जिताडा तोंडाशी उभा असतो. पगाराच्या दिवशी बँकेच्या दारात वसुलीवाला उभा असतो तसा.

"आता गप ऱ्हावा शेट," नाखवा म्हणाला आणि हनुवटीनं जागा दाखवली. साडूंनी गळ फेकला तो त्या जागेपासून दोन होड्या लांब. नाखव्यानं वासा टेकून होडीच अशी सरकवली की ओढत आणलेला खोटा मासा बरोबर त्या धारेतून गेला. आणि खसकन काठी वाकली. साडू उभे राहिले, होडी कलंडली, तरुण "स्ट्राइक! स्ट्राइक!" म्हणून ओरडला. साडूंना वाटलं संप आहे. मासा तिवराकडे पळाला. "सैल सोडा, वढू नका," म्हणत नाखव्यानं होडी आडवी घातली, एका हातानं दोरी तिवराच्या मुळ्यांपासून उचलून धरली, आणि मासा जवळ आल्यावर त्याच्या तोंडात अंगठा घालून खालचा जबडा धरून वर काढला. कल्ल्याला हात लावायचा नाही, कल्ल्याचं झाकण सुरीसारखं कापतं, असंही सांगितलं. सगळा मिळून चार मिनिटांचा कारभार. त्यात साडूंचा वाटा काठी न सोडण्याचा. तो त्यांनी उत्तम बजावला.

तरुणानं काट्याला लावून वजन केलं : तीन किलो शंभर ग्रॅम. साडूंनी मासा दोन्ही हातांनी पुढे लांबवर धरला, फोटो निघाला. मासा वळवळला तेव्हा नाखव्यानं शेपटीला आधार दिला, म्हणून फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक सावळा हात मनगटापर्यंत आला आहे. मग सहलीच्या नियमाप्रमाणे मासा पाण्यात सोडून दिला. नाखवा जरा वेळ पाण्याकडे पाहत राहिला. "गेला," एवढंच म्हणाला. परत येताना त्यानं सांगितलं की मोठा जिताडा कापला तर गाबोळी निघते, एवढ्याला कधी निघत नाही. हे लक्षात ठेवा.

पहिली आवृत्ती परतीच्या गाडीत कल्याण ते इगतपुरी दरम्यान, भुसावळला उतरणाऱ्या एका गृहस्थांसमोर प्रसिद्ध झाली. मासा चार किलो. वाढ सुमारे तीस टक्के. जेरोमच्या १८८९ च्या 'थ्री मेन इन अ बोट'मध्ये एक प्रामाणिक तरुण आहे, तो ठरवतो की पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढवून सांगायचं नाही. मग ते तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश होतात, मग दुप्पट, आणि शेवटी काहीही न मिळालं तरी दहापासून मोजायला सुरुवात. तेव्हा या आवृत्तीला दोष देता येत नाही. तिचा गुण असा की नाखवा तिच्यात पूर्ण होता, त्याची पाऊणकी होती, "सैल सोडा" हे वाक्य त्याच्याच आवाजात होतं. गृहस्थांनी विचारलं, "नाव काय त्याचं?" साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यानं सांगितलं होतं. मग इगतपुरीचा चहा आला.

दुसरी आवृत्ती अकोल्याला घरच्यांसमोर. साडेपाच किलो. नाखव्याचा होडीवाला झाला. तिसरी त्यांच्या हापिसात : सात किलो, आणि "बरोबर एक माणूस होता." चौथी मूर्तिजापूरला एका साखरपुड्यात, वधूपक्षाच्या आग्रहावरून. तिच्यात नऊ किलोचा मासा होडीला ओढू लागला, बरोबरचा माणूस घाबरून ओरडला, आणि साडूंनी त्याला धीर दिला. "म्या म्हटलं, भेऊ नको बापा, मी हावो ना!" हे वाक्य पूर्णपणे प्रक्षिप्त आहे. भाषाशास्त्रीय पुरावाही तेच सांगतो : त्या सकाळी साडूंच्या तोंडून जे दोनच शब्द निघाले होते, ते "अरे बापरे."

पाचवी आवृत्ती सचित्र. फोटो मोबाइलच्या स्टेटसवर लागला. वजन दिलं नव्हतं, वाचकांच्या कल्पनाशक्तीवर सोडलं होतं, आणि हा संयम मला आवडला. पण डावा कोपरा कापलेला होता. मासा तेवढाच, हात गेलेला.

सहावी आमच्या घरी, अमरावतीला, होळीच्या दुसऱ्या दिवशी. "काय सांगू तुमाले," साडू म्हणाले, "अकरा किलोचा गडी. मर्दासारखा लढला. खाडीत मी एकटा. चारी बाजूनं पाणी. दोरी वढून रायला, वढून रायला, मले वाटलं हात खांद्यातून निंघते आता." मी विचारलं, "भाऊजी, होडी कोण चालवत होतं?" साडू क्षणभर थांबले. "होडी तं चालूच होती," म्हणाले.

इथं आशयाचं परीक्षण करणं भाग आहे. अकरा किलोचा जिताडा मर्दासारखा लढू शकत नाही, कारण तो मर्द नसतो. हीच ती मघाची गंमत : जिताडा जन्मतो तो नर म्हणून, काही वर्षं नर म्हणूनच संसार करतो, आणि मोठा झाला की त्याची मादी होते. दोन-तीन किलोचे बहुतेक नर, त्याच्या बऱ्याच वरचे बहुतेक मादी. नाखव्याची गाबोळी हेच सांगत होती. म्हणजे साडूंचा मासा पहिल्या आवृत्तीत नर होता, तिसरीच्या सुमारास त्याचं लिंगांतर झालं, आणि सहावीत ती बाई पोरंबाळं घालण्याच्या वयात साडूंशी झुंजत होती. कर्त्याला हे कळलं नाही. वजन वाढवताना मागचे धागे सांभाळावे लागतात.

पण मला टोचलं ते वजन नव्हे. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते : कुठं जमा वाढली की तो विचारतो, नावे कुणाच्या पडली? तीन किलो शंभरचे अकरा किलो झाले, म्हणजे सात किलो नऊशे ग्रॅम जमा. ती आली कुठून? मी सहाही आवृत्त्यांचा तक्ता मांडला. नाखवा, होडीवाला, एक माणूस, घाबरलेला माणूस, कापलेला हात, कुणी नाही. खातं बरोबर जुळलं. मासा जितका वाढला तितका नाखवा घटला होता.

मासेमारीच्या थोर पुस्तकांत असं होतं का, ते पाहावं म्हणून मी थोडी उलथापालथ केली. आयझॅक वॉल्टन हा लंडनचा कापडाचा व्यापारी, म्हणजे आमच्याच शाखेचा. त्याचं 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ साली आलं आणि त्याच्या हयातीत १६७६ पर्यंत पाच आवृत्त्या निघाल्या. तोही प्रत्येक वेळी भर घालत होता. तेरा प्रकरणांची एकवीस झाली. पण वाढलं काय? पहिल्या आवृत्तीत बोलणारे दोघं होते, एक गळवाला आणि एक वाटसरू. दुसरीत तिघं झाले : गळवाला, शिकारी आणि ससाणेवाला. आणि कृत्रिम माशीचा गळ आपण टॉमस बार्करकडून शिकलो, हे वॉल्टननं नावानिशी लिहून ठेवलं आहे. पुस्तक म्हणाल तर संथ आहे, दर चार पानांनी कुणीतरी गाणं म्हणतं आणि मी दोनदा झोपलो. पण हिशेब चोख.

हेमिंग्वेचं तर याहून नवल. १९३६ साली 'एस्क्वायर'मधल्या एका लेखात त्यानं एका म्हाताऱ्या कोळ्याची हकिगत चार ओळींत उरकली होती : म्हातारा एकटा, मोठा मासा, शार्क. १९५२ साली तिचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' झालं, पु. लं.नी १९६५ साली ते 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणलं. मासा अठरा फुटांचा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, नोबेल मिळणाऱ्याला अठरा फूट माफ. पण या मोठ्या आवृत्तीत भर पडली ती कुणाची? एका पोराची. म्हातारा समुद्रात एकटा आहे, पोर किनाऱ्यावर आहे, आणि म्हातारा दर थोड्या वेळानं बोलून दाखवतो की पोर इथं हवा होता. आमचे साडू खाडीत तिघांच्या सोबतीनं होते आणि चारी बाजूंना पाणीच पाहत होते. खुद्द हेमिंग्वेच्या 'पिलार' बोटीवर ग्रेगोरिओ फुएंतेस नावाचा माणूस वीसेक वर्षं होता. तो १०४ वर्षांचा होऊन २००२ साली गेला, आणि तोवर लोक कादंबरी वाचून त्याला बघायला जात.

म्हणजे चांगल्या लेखकाच्या पुढच्या आवृत्तीत माणसं वाढतात, आमच्या साडूंच्या पुढच्या आवृत्तीत मासा वाढतो. हा सिद्धान्त सापडल्यावर मला इतका आनंद झाला की मी तो रात्री सौभाग्यवतींना ऐकवला. तिनं शांतपणे विचारलं, "ते तिथीला पाऊणनं गुणायचं तुम्ही बँकेत सांगितलं, ते कुणाचं म्हणून?"

वाचकहो, मी ते जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. फळ्यावर आकडे मांडून. शाखाधिकारीही ऐकत उभे होते. "आम्ही तिथं हिशेब केला," असं मी म्हणालो होतो. आम्ही म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही आणि मीही खुलासा केला नाही. एका म्हाताऱ्या पेन्शनर खातेदारांनी तर माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, पाऊणकी येणारा माणूस या बँकेत अजून आहे हे पाहून बरं वाटलं. मी हात सोडवून घेतला नाही.

सकाळी साडू चहाला बसले होते. मी त्यांना तक्ता दाखवला, माझी फळ्याची रक्कमही त्यात लिहिली होती. ते बराच वेळ पाहत राहिले. "त्याचं नाव काय होतं हो भाऊ?" त्यांनी विचारलं. मी फोन काढला. त्याचा नंबर माझ्याकडे 'मासे रेवदंडा' या नावानं होता. साडूंनी त्यांचा काढला. त्यांच्याकडे 'होडी'.

लावला. बराच वेळ वाजला, मग पाठीमागे इंजिनाचा आवाज आणि, "बोला."

"नमस्कार नाखवा," मी म्हटलं, "ओळखलंत का? दिवाळीनंतर आलो होतो, आम्ही दोघं. षष्ठी होती. उघाडीवर जिताडा लागला, बघा. तीन किलो शंभर."

"शंभर ग्रॅम," साडू मागून फोनमध्ये बोलले. हा मला त्यांच्या बाजूनं कबुलीजबाब वाटला.

तिकडे थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं. "जिताडा लय जनांना लागतो शेट," नाखवा म्हणाला. मग आठवल्यासारखं, "हां, त्ये झाडात गळ टाकनारे? नागपूरचे?"

साडूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि अमरावती कुठं, अकोला कुठं आणि नागपूर कुठं, हे त्याला भुसावळपासून समजावून सांगायला सुरुवात केली. ते संपेपर्यंत त्याची होडी धक्क्याला लागली होती आणि नाव विचारायचं पुन्हा राहून गेलं.